गच्चीवरचे ऊन, रस्त्यावरची डीपी : सोलर जोडणीबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यातली दुपार. वळीव यायच्या बेतात असतो. वारा सुटतो, कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि अख्ख्या गल्लीची लाइट जाते. दीड-दोन लाख खर्चून ज्यांनी गच्चीवर नुकतेच सोलर बसवले, त्यांच्या घरातला पंखाही थांबतो. पॅनेलवर ऊन तर अजून लख्ख असते. शेजारी विचारतात, "अहो, तुमच्याकडे सोलर आहे ना?" घरातल्यांकडे उत्तर नसते. यंत्रणा बिघडली असे वाटून ती बसवणाऱ्याला फोन जातो. खरे तर काहीच बिघडलेले नसते.

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी 'पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना' जाहीर झाली. १ कोटी घरांचे लक्ष्य आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेने सोलर मध्यमवर्गीय गच्चीपर्यंत आणले. मात्र ग्राहकाशी बोलणे होते ते पॅनेल कुठल्या कंपनीचे, अनुदान किती आणि पैसे किती वर्षांत वसूल होणार, एवढ्यावरच. रस्त्यावरच्या डीपीशी होणारी जोडणी 'ते काम आमच्यावर सोडा' म्हणून मागे राहते. लाइट गेल्यावर काय होईल, बिल किती येईल, उरलेल्या विजेचे काय, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मात्र त्या जोडणीतच आहेत.

गैरसमज १ : सोलर असले की लाइट जात नाही

वस्तुस्थिती : बॅटरी नसलेली, ग्रिडला जोडलेली साधी यंत्रणा लाइट गेली की स्वतःहून बंद होते. तसे तिने बंद व्हायलाच हवे.

पॅनेलमधून निघणारी वीज डीसी असते. घरातली उपकरणे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या एसी विजेवर चालतात. हे रूपांतर इन्व्हर्टर करतो, आणि ते करताना तो महावितरणच्या तारेतल्या विजेची लय पकडून तिच्या तालावर आपली वीज मिसळतो. तारेतली वीज गेली की ताल धरायला काही उरत नाही.

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. डीपी, म्हणजे वितरण रोहित्र, ११ हजार व्होल्ट उतरवून घरापर्यंत आणते. तेच रोहित्र उलट्या दिशेनेही काम करू शकते. खालून एखाद्या घराची वीज त्यात शिरली, तर वरच्या तारेत पुन्हा हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. लाइन बंद केली आहे या भरवशावर वायरमन त्याच वेळी खांबावर चढलेला असतो. म्हणून ग्रिड गेल्याचे ओळखून दोन सेकंदांच्या आत वीज सोडणे थांबवण्याची चाचणी इन्व्हर्टरने उत्तीर्ण केलेली असावी लागते. या संरक्षणाला 'अँटी-आयलँडिंग' म्हणतात.

लाइट गेल्यावरही घर चालू ठेवायचे असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. ग्रिड गेले की हायब्रिड इन्व्हर्टर घराला तारेपासून वेगळे करतो आणि फ्रिज, दिवे, पंखे अशा निवडक जोडण्या बॅटरीवर चालवतो. त्याचा खर्च वेगळा. घरातल्या जुन्या बॅटरी-इन्व्हर्टरची वायर सोलरला जोडून 'जुगाड' करून देणारे भेटतात. त्यात इन्व्हर्टरही जळू शकतो आणि माणसाच्या जिवावरही बेतू शकते.

गुजरातमधले मोढेरा ऑक्टोबर २०२२ मध्ये देशातले पहिले चोवीस तास सौरऊर्जेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. तिथे हजाराहून अधिक घरांवर पॅनेल आहेत. तरीही रात्रीसाठी ६ मेगावॅटच्या प्रकल्पासोबत १५ मेगावॅट-अवर क्षमतेची बॅटरी बसवावी लागली.

गैरसमज २ : सगळी वीज आधी महावितरणला जाते, मग आपल्याला परत मिळते

वस्तुस्थिती : गच्चीवरची वीज आधी त्याच घरात वापरली जाते. दुपारी मोटार, मिक्सर, वॉशिंग मशीन चालू असेल तर ती थेट त्यांना मिळते. उरेल तेवढीच मीटरमधून बाहेर पडते आणि बहुतेक वेळा शेजारच्याच घरात संपते.

घरात परस्पर वापरलेली ही युनिट नेट मीटरला दिसतच नाहीत. तारेतून घेतलेली आणि तारेत सोडलेली एवढीच युनिट तो मोजतो. 'इन्व्हर्टर ३६० युनिट दाखवतो आणि बिलात २४०च का?' या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बहुतेकदा इथेच असते. मधली १२० युनिट घरानेच वापरलेली असतात.

गैरसमज ३ : पॅनेल बसले की बटण दाबायचे, जुना मीटर उलटा फिरतो

वस्तुस्थिती : चकतीचे जुने मीटर उलटे फिरत असत. आजचे साधे इलेक्ट्रॉनिक मीटर तसे नाहीत. त्यांतले बरेच मीटर वीज कोणत्याही दिशेने गेली तरी ती वापर म्हणूनच मोजतात. नेट मीटर लागण्याआधी यंत्रणा चालू केली, तर बाहेर दिलेल्या विजेचेही बिल भरण्याची वेळ येऊ शकते.

योग्य क्रम असा : राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, नोंदणीकृत विक्रेत्याकडून उभारणी, वीज कंपनीशी करार, तपासणी, नेट मीटर आणि मगच सुरुवात. अनुदान त्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात थेट जमा होते. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. कोटेशनमध्ये 'डीसीआर' ही अक्षरे शोधायची ती यासाठी.

परवानगीला वर्ष लागते, ही समजूतही आता जुनी झाली. वीज ग्राहक हक्क नियमांमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने बदल केले. १० किलोवॅटपर्यंतचे परिपूर्ण अर्ज तांत्रिक अभ्यासाशिवाय मंजूर समजले जातात, आणि मंजूर भार वाढवण्याची गरज असेल तर तो वीज कंपनीने वाढवायचा आहे. त्याहून मोठ्या यंत्रणेचा अभ्यास १५ दिवसांत व्हायला हवा. ५ किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी तारा किंवा रोहित्र बळकट करावे लागले, तर तो खर्च वीज कंपनीचा. अर्ज अडला तर ग्राहकाला हे नियम तोंडपाठ हवेत.

गैरसमज ४ : बिल शून्य येते

वस्तुस्थिती : युनिट शून्य होऊ शकतात, बिल सहसा होत नाही. जोडणी आहे तोवर बिलातला 'स्थिर आकार' राहतो.

एक हिशेब मांडून पाहू. १ किलोवॅट यंत्रणा महाराष्ट्रात महिन्याला सरासरी १२० युनिटच्या आसपास वीज देते, म्हणजे ३ किलोवॅटची साधारण ३६०. समजा, एप्रिलमध्ये घराने दिवसा १२० युनिट परस्पर वापरली, २४० बाहेर दिली आणि रात्री २०० तारेतून घेतली. मग वीज आकार शून्य, ४० युनिट जमा. जुलैत ढगांमुळे २०० युनिटच तयार झाली. दिवसा ९० वापरली, ११० बाहेर गेली, रात्रीची गरज तीच २००. फरक ९० युनिटचा. त्यातली ४० जमेतून वळती होतील, ५० चे पैसे भरावे लागतील. घराला हा फायदा मोठाच आहे. पण ज्याला कोणी 'शून्य बिल' सांगितले होते, तो जुलैचे बिल पाहून फसवणूक झाल्याचा ग्रह करून घेतो.

गैरसमज ५ : जास्त पॅनेल लावा, जास्तीची वीज विकून कमवा

वस्तुस्थिती : नेट मीटरिंग घराच्या स्वतःच्या गरजेसाठी आहे. यंत्रणेची क्षमता मंजूर भाराच्या मर्यादेत ठेवावी लागते. जमा युनिट पुढच्या महिन्यात जातात, पण हे खाते ३१ मार्चला बंद होते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमावलीनुसार वर्षअखेरीस उरलेली युनिट वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते. हा दर घरगुती ग्राहक भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो, आणि १ एप्रिलला खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते.

यात एक सोय आपसूक झाली आहे. एप्रिल-मेची जमा पावसाळ्याला उपयोगी पडते. फेब्रुवारी-मार्चच्या लख्ख उन्हातली जमा मात्र जूनपर्यंत टिकत नाही. म्हणून क्षमता ठरवताना एका महिन्याचे बिल पुरत नाही, बाराही महिन्यांची बिले लागतात.

अनुदानाचेही तसेच. पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे एकूण ७८ हजार रुपये. यंत्रणा ३ किलोवॅटची असो वा ८ ची, घरगुती अनुदान याच्या पुढे जात नाही.

जास्त पॅनेलची आणखी एक अडचण आहे. दुपारी एकाच गल्लीतली बरीच घरे वीज बाहेर ढकलू लागली की तारेतला दाब वाढतो. तो नेहमीच्या दाबाच्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टच्या वर गेला की नियमाप्रमाणे इन्व्हर्टरने तारेपासून वेगळे व्हायचे असते. ऐन उन्हात उत्पादन तुटक दिसू लागले की दोष पॅनेलला दिला जातो. डीपीपासून लांब, बारीक वायरवर असलेल्या घरात कारण बहुधा वाढलेला दाब असतो. तेव्हा इन्व्हर्टरच्या पडद्यावरचा व्होल्टेजचा आकडा टिपून वीज कंपनीकडे लेखी तक्रार करावी.

गैरसमज ६ : कडक उन्हाळा म्हणजे सर्वांत जास्त वीज, पावसाळा म्हणजे शून्य

वस्तुस्थिती : पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. त्याची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. विदर्भातल्या मेमध्ये पॅनेलची काच ६० अंशांच्या पुढे सहज जाते. म्हणून फेब्रुवारी-मार्चचे स्वच्छ, बेताच्या तापमानाचे दिवस उत्पादनाला फार चांगले. पावसाळ्यात ढगांतून झिरपणाऱ्या प्रकाशावरही वीज तयार होते. कोकणात आणि घाटमाथ्यावर ती बरीच घटते, पण थांबत नाही. शिवाय सरींनी पॅनेलवरची धूळ फुकटात धुतली जाते.

गैरसमज ७ : दुकान-कारखान्याचा हिशेब घरासारखाच

वस्तुस्थिती : व्यवसायाला सूर्य घर योजनेचे अनुदान नाही. त्याचा फायदा दुसरीकडे आहे. व्यावसायिक वीज घरगुती विजेहून महाग असते, कामकाज दिवसा चालते, त्यामुळे बहुतेक वीज जागीच वापरली जाते. आयकरात सौर संयंत्रावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. पण ज्यांना वेळेनुसार बदलणारा, म्हणजे टीओडी दर लागू आहे, त्यांनी करारातला वळतीचा नियम आधी वाचावा. दुपारी जमा केलेले युनिट संध्याकाळच्या महाग युनिटच्या बरोबरीचे धरले जाईलच असे नाही.

कारखानदाराला खरा चटका बसतो तो पॉवर फॅक्टरचा. मोटारींना प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेखेरीज चुंबकीय क्षेत्र टिकवणारी 'रिअॅक्टिव्ह' वीजही लागते. समजा, कारखान्याची गरज १०० किलोवॅट प्रत्यक्ष कामाची वीज आणि ४८ केव्हीएआर रिअॅक्टिव्ह वीज आहे. दोन्ही मिळून एकूण मागणी १११ केव्हीए, आणि तिच्यातला प्रत्यक्ष कामाचा वाटा, म्हणजे पॉवर फॅक्टर, ०.९०. सोलरने ७० किलोवॅट उचलले की ग्रिडकडून ३० किलोवॅट घ्यावे लागतात, पण ४८ केव्हीएआर तसेच राहतात. पॉवर फॅक्टर ०.५३ वर कोसळतो आणि मागणी ५७ केव्हीएवर अडते. वीज सत्तर टक्क्यांनी घटली, केव्हीए मात्र निम्म्यानेच. उच्चदाब ग्राहकांची युनिट केव्हीएएचमध्ये, म्हणजे केव्हीएच्या हिशेबाने मोजली जातात, म्हणून ही तफावत थेट बिलात दिसते. उपाय अवघड नाही. कपॅसिटर पॅनेल नव्याने जुळवावे किंवा इन्व्हर्टरच रिअॅक्टिव्ह वीज देईल असा लावून घ्यावा. फक्त हे काम सोलर चालू होण्याआधी करायचे असते.

गैरसमज ८ : फ्लॅटवाल्यांसाठी हे नाहीच

वस्तुस्थिती : गृहनिर्माण संस्थेच्या सामायिक मीटरवर लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि गाड्यांचे चार्जिंग चालते. त्या वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे, कमाल मर्यादा ५०० किलोवॅट, घरामागे ३ किलोवॅटच्या हिशेबाने. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. ज्या संस्थेत पाण्याचा पंप रात्री सुरू होतो, तिथे तो दुपारी चालवला तर गच्चीवरची वीज जागीच वापरली जाईल.

सही करण्याआधी चार कामे करावीत. मागच्या बारा महिन्यांची बिले एकत्र काढून वार्षिक युनिट बेरजेत मांडावीत. बिलावरचा मंजूर भार पाहावा. दुपारी बारा-एकच्या सुमारास स्वतः गच्चीवर उभे राहून टाकीची, झाडाची, शेजारच्या इमारतीची सावली कुठवर येते ते पाहावे, आणि डिसेंबरात ती आणखी लांबते हे लक्षात ठेवावे. मग विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : लाइट गेल्यावर काय चालू राहील, वर्षाला किती युनिटची हमी आहे आणि नेट मीटर लावून देण्याची जबाबदारी कोणाची. जो विक्रेता ही उत्तरे कागदावर द्यायला तयार नाही, त्याला आगाऊ रक्कम देऊ नये.