एक जुलैची मंडळी

गोंदिया जिल्ह्यात पंचाहत्तरीच्या घरात आलेल्या जुन्या वर्गमित्रांच्या जन्मतारखा विचारत गेले, की एकच उत्तर पुन्हा पुन्हा येते: एक जुलै. कुणी आमगावला मास्तर होते, कुणी तिरोड्याला बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी जंगलखात्यात. गाव वेगळे, जात वेगळी, घरची भाषा वेगळी. वाढदिवस मात्र एक. १९५० ची ही मंडळी १ जुलै २०२५ रोजी कागदोपत्री एकदमच पंचाहत्तर वर्षांची झाली.

कॉलेजच्या मित्रांनी मिळून एकसष्ठी, पंचाहत्तरी साजरी करणे आता सगळीकडेच रूढ होत आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप, त्यावर सापडत गेलेले जुने चेहरे आणि मग एखाद्या सभागृहात भेट. गोंदियासारख्या झाडीपट्टीत या भेटीला एक जास्तीचा अर्थ आहे. इथल्या अनेकांना हा सामाईक वाढदिवस शाळेने दिलेला आहे.

दाखल-खारीज रजिस्टर उघडून गुरुजी बसलेले. समोर बाप, त्याच्या बाजूला मुलगा. जन्माचा दाखला नाही, आईला विचारावे तर ती धानाच्या बांधीवर. गुरुजी मुलाला सांगतात, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकड. बोटे कानाला लागली, की मूल शाळेत घालण्याजोगे झाले. वय धरले जाते, तेवढी वर्षे मागे मोजली जातात आणि शाळेच्या नव्या सत्राला सोयीची तारीख रकान्यात पडते. आधी अंकी, मग अक्षरी. महाराष्ट्रात कुठे ती १ जून असते, कुठे १ जुलै. विदर्भातले ऊन उतरून शाळा भरायला जून संपत येतो, त्यामुळे इकडे जुलैची गर्दी अधिक.

गुरुजींनी निष्काळजीपणा केला असे कुणी म्हणत असेल, तर ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभरासाठीचा कायदा १९६९ चा. त्याआधी खेड्यातल्या नोंदी कोतवालाच्या भरवशावर असत आणि जन्माचा दाखला काढायला तहसिलीत खेटे घालणे धानाच्या मजुराला परवडणारे नव्हते. त्या एका ओळीने मुलाला शाळेचे दार उघडले, हे महत्त्वाचे.

आईजवळ मात्र खरी तारीख असायची, फक्त ती इंग्रजी महिन्यात नसायची. रोवणीच्या झडीत झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला झाली. मंडईच्या जत्रेत दंडारीचा खेळ चालू होता तेव्हा कळा सुरू झाल्या. धान चुरताना खळ्यावरच. पंचांग समोर ठेवले असते, तर यांतल्या काही खुणांवरून तरी दिवसापर्यंत पोहोचता आले असते.

तारखेसारखेच पत्त्याचेही झाले. १९५० साली गोंदियाजवळ जन्मलेले मूल नागपूर राजधानी असलेल्या तेव्हाच्या मध्य प्रदेशात जन्मले. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात आले, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जिल्हा तोवर भंडाराच होता. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा निघाला, तेव्हा ते मूल पन्नाशीला टेकले होते. गाव न सोडता तीन राज्ये आणि दोन जिल्हे पाहिलेली ही पिढी आहे.

पण या पिढीच्या आयुष्याला खरे वळण दिले ते कॉलेजने. आधी मॅट्रिकनंतर शिकायचे तर नागपूर गाठावे लागे, म्हणजे सुमारे सव्वाशे किलोमीटर, खोलीचे भाडे आणि खानावळ. १९५८ मध्ये बिडी व्यवसायातून पुढे आलेल्या मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि एन. एम. डी. महाविद्यालय ही नावे त्यानंतर घरोघरी गेली. आमगावला लक्ष्मणराव मानकर गुरुजींची भवभूती शिक्षण संस्था उभी राहिली. हेच गुरुजी १९७७ मध्ये भंडाऱ्याचे खासदार झाले. दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध यायच्या आधीची ही मुले. अकरावी मॅट्रिक होऊन ती नागपूर विद्यापीठाच्या वर्गात बसली, घरातली पहिली म्हणून.

वर्गात मराठी, हिंदी, पोवारी, छत्तीसगढी, गुजराती अशी सरमिसळ होती. बालाघाटकडची पोरे नॅरोगेजची छोटी लाइन धरून येत, देवरी-सालेकशाकडची खोली करून राहत. गोंदिया जंक्शनने शहराला व्यापार दिला हे सगळे सांगतात. त्याच जंक्शनने कॉलेजला विद्यार्थी दिले हेही सांगायला हवे. मनोहरभाई १९७० मध्ये गेले. त्यांच्या जयंतीला, ९ फेब्रुवारीला, गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके देण्याची प्रथा आजही चालू आहे.

पुढे नोकरी लागली आणि गुरुजींची ती ओळ सेवापुस्तकात उतरली. महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९८१ च्या नियमांनुसार नोकरीची पहिली पाच वर्षे उलटल्यावर तीत सहसा फेरबदल होत नाही. निवृत्तीचा नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून १९५० ची एक जुलैवाली राज्य सरकारी मंडळी अठ्ठावन्न पुरी करून ३० जून २००८ ला घरी आली. सहाव्या वेतन आयोगाने वार्षिक वेतनवाढीची तारीख सगळ्यांसाठी कोणती ठरवली होती? १ जुलै. वर्षभर काम पूर्ण केलेले, पण वाढ लागू होण्याच्या दिवशी माणूस नोकरीत नाही, म्हणून वाढ नाही. एका दिवसाने हुकलेली ती वेतनवाढ पुढे आयुष्यभर निवृत्तिवेतनातही कमी पडत राहिली. यावर देशभर खटले चालले. ११ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या वीज कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात निकाल दिला, की केलेल्या वर्षभराच्या कामाची वेतनवाढ ती लागू होण्याच्या आदल्या दिवशी निवृत्त होणाऱ्यालाही मिळाली पाहिजे. न्याय झाला, पण फार उशिरा. तोवर या पिढीतले कितीतरी जण उरले नव्हते.

अशी कागदी तारीख ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. युद्धामुळे देश सोडून अमेरिकेत पोहोचलेल्या अफगाण, सुदानी निर्वासितांपैकी अनेकांच्या कागदांवर जन्मतारीख १ जानेवारी आहे. तिथेही टेबलापलीकडच्या माणसाने रकाना भरायचा म्हणून ती भरली.

पंचाहत्तरीचा मेळावा मात्र एक जुलैलाच भरवणे अवघड. महाराष्ट्रात १ जुलैला कृषी दिन असतो, वसंतराव नाईकांची जयंती म्हणून. गोंदियात त्या दिवसांत धानाच्या रोपांचे पऱ्हे तयार होत असतात आणि पावसाने जोर धरला की रोवणीची घाई उडते. पंचाहत्तरीची माणसे स्वतः चिखलात उतरत नसली, तरी घरातला बाईमाणूस आणि ट्रॅक्टर दोन्ही बांधीवर असतात. त्यामुळे जमायचे तर धान घरात आल्यावर, मंडईच्या मोसमात किंवा नंतरच्या थंडीत सोयीचे. पुण्या-मुंबईची मंडळी महाराष्ट्र एक्स्प्रेसने किंवा विदर्भ एक्स्प्रेसने थेट गोंदियाला उतरू शकतात. दोन्ही गाड्यांचा शेवटचा थांबा हाच. ताटात चिन्नोरचा भात असला, पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण झाले, दिवंगत मित्रांची नावे घेतली गेली, की समारंभ पूर्ण होतो.

पूर्ण होतो, पण एक उणीव राहते. बरोबर शिकलेल्या मुली या यादीत फार थोड्या सापडतात. लग्नानंतर नाव बदलले, आडनाव बदलले, गाव सुटले. हजेरीपटावरच्या नावावरून आजचा फोन नंबर मिळत नाही. त्यांना शोधायचे तर माहेरच्या गावी जाऊन भावाला, भाच्याला विचारावे लागते, आणि ते काम ग्रुपवर संदेश टाकून होत नाही. मेळाव्याच्या तयारीत केकच्या आधी हे काम धरले पाहिजे.

दुसरे काम याहून सोपे आहे. या पिढीच्या बहुतेक आया आता नाहीत, पण त्यांच्या तोंडून ऐकलेले रोवणी-मंडईचे दाखले मुलांना अजून आठवतात. पुढच्या भेटीत प्रत्येकाने आपल्या जन्माची आईने सांगितलेली खूण, गावाचे नाव आणि पहिल्या गुरुजींचे नाव एका वहीत लिहावे आणि ती वही कॉलेजच्या ग्रंथालयात द्यावी. १९५१ ची मंडळी १ जुलै २०२६ ला पंचाहत्तरीत येते. त्यांनी ही वही सुरू करावी.