आहाराची नवी लाट आणि आपली लागवड

शहरातील लोकांच्या खाण्यापिण्याच्या आवडी पूर्वी सावकाश बदलत. अलीकडे मात्र दर चार-पाच वर्षांनी एखाद्या नव्या धान्याचे, फळाचे किंवा बियांचे नाव गाजू लागते. त्यापाठोपाठ बियाणे व रोपे विकणारे गावात येतात आणि एकरी लाखांच्या उत्पन्नाचे आकडे ऐकू येऊ लागतात. अशा वेळी शेतकरी बंधू-भगिनींपुढे दोन प्रश्न उभे राहतात. पुढची लाट कोणत्या पिकाची येणार आणि आपण त्यात उतरावे की नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पिकाचे नाव घेऊन खात्रीने देता येत नाही. परंतु अशा लाटा कशा येतात व कशा ओसरतात, हे समजून घेतल्यास दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपले आपल्याला काढता येते.

लाट कशी तयार होते?

बहुतेक लाटा एखाद्या अन्नघटकाभोवती फिरतात. त्या घटकाला एकतर दोष दिला जातो किंवा त्याची अतोनात स्तुती होते. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात दोष चरबी व कोलेस्टेरॉलला दिला जात होता. ओटचा कोंडा खाल्ल्याने कोलेस्टेरॉल उतरते, असे सांगणारे एक पुस्तक १९८७ मध्ये निघाले आणि पाव, बिस्किटे अशा अनेक पदार्थांत ओटचा कोंडा घातला जाऊ लागला. जानेवारी १९९० मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात या कोंड्याचा विशेष परिणाम होत नसल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि मागणी कोसळली. पुढे १९९७ मध्ये तेथील सरकारने ओट हृदयास उपयुक्त असल्याचा दावा वेष्टनावर छापण्यास परवानगी दिली. याचा अर्थ, ओटमध्ये गुण होता; मागणी मात्र त्या गुणाच्या कितीतरी पुढे गेली होती.

त्यानंतर दोषाची पाळी पिष्टमय पदार्थांची आली. पाव, बटाटा व भात टाळण्याची ही पद्धत २००३-०४ च्या सुमारास कळसाला पोचली आणि २००५ मध्ये त्यातील एका अग्रगण्य कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे गव्हातील ग्लुटेनची पाळी आली. सध्या प्रथिनांची स्तुती चालू आहे.

किनोवाचा धडा

किनोवा हे आपल्या चाकवताच्या कुळातील दक्षिण अमेरिकेतील धान्य होय. पेरू व बोलिव्हिया या देशांच्या उंच पठारावरील लहान शेतकरी ते पिढ्यान्पिढ्या पिकवीत आले आहेत. प्रथिनांचे प्रमाण चांगले व ग्लुटेन नाही, म्हणून अमेरिका व युरोपात त्याची मागणी वाढली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय किनोवा वर्ष म्हणून साजरे केले. २०१४ च्या सुरुवातीला निर्यातीचा भाव किलोला ६ डॉलरच्या वर गेला होता.

हा भाव पाहून पेरूच्या किनारपट्टीवर पाण्याखालील जमिनीत मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. तेथे हेक्टरी उत्पादन पठारापेक्षा कितीतरी अधिक येते. एकाच वर्षात, म्हणजे २०१३ ते २०१४ मध्ये, पेरूचे उत्पादन दुपटीहून अधिक होऊन एक लाख पंधरा हजार टनांच्या आसपास गेले. किनाऱ्यावर कीड जास्त, म्हणून फवारण्याही जास्त झाल्या आणि औषधांच्या अवशेषांमुळे काही माल अमेरिकेने नाकारला. पुढील दोन वर्षांत भाव निम्म्याहून खाली आला. ज्यांनी हे धान्य जपले, त्या पठारावरील शेतकऱ्यांना याचा सर्वाधिक फटका बसला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. लोकांनी किनोवा खाणे सोडले नव्हते. मागणी टिकून असतानाही पुरवठा तिच्या पुढे गेल्यामुळे भाव पडला. हंगामी पीक चार-पाच महिन्यांत कोणालाही घेता येते. म्हणून चढलेला भाव पाहून लागवड करणाऱ्याचा माल बाजारात येतो तेव्हा इतर सर्वांचाही आलेला असतो.

गुण असला तरी भाव मिळतोच असे नाही

आपल्याकडे करडईचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. करडईचे तेल हृदयासाठी चांगले, असे शहरी ग्राहक अनेक वर्षे ऐकत आला. तरीही राज्यातील करडईचे क्षेत्र सतत घटत गेले. काटेरी पिकाची काढणी, मजुरांची अडचण, स्वस्त आयात तेले आणि पाण्याची सोय होताच हरभऱ्याकडे वळणारे शेतकरी, ही त्याची कारणे होत.

इमूपालनाची गोष्ट आणखी निराळी आहे. इमूचे मांस कमी चरबीचे, म्हणून त्याला मोठी मागणी येणार, असे सांगून पिल्लांच्या जोड्या विकल्या गेल्या. परत खरेदीची हमीही दिली गेली. तमिळनाडूत २०१२ मध्ये हा डोलारा कोसळला व हजारो लोकांचे पैसे बुडाले. मांसाचा बाजार उभाच राहिला नव्हता. उत्पन्न येत होते ते पिल्ले विकण्यातून.

लाट कोणत्या टप्प्यावर आहे?

१. सुरुवात : पदार्थ मोठ्या शहरांतील मोजक्या दुकानांत, लहान पुड्यांत व महाग मिळतो.

२. चढ : बिस्किटे, पीठ व न्याहारीच्या पदार्थांवर त्याचे नाव छापले जाते. आयात वाढते.

३. कळस : वर्तमानपत्रांत यशोगाथा येतात. धान्यापेक्षा बियाणे व रोपांच्या जाहिराती अधिक दिसतात.

४. उतार : व्यापारी प्रत, ओलावा व रंग यांची कारणे देऊन माल नाकारू लागतो.

गावापर्यंत बातमी येते ती बहुधा तिसऱ्या टप्प्यावर.

लागवडीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. माल विकला गेला नाही तर तो आपल्या घरात, गावात खपेल काय? नाचणी व ज्वारी भाकरीत जाते. किनोवाच्या दाण्यावर सॅपोनिन हा कडू थर असतो. तो धुऊन किंवा घासून काढल्याशिवाय दाणे खाता येत नाहीत.

२. प्रक्रियेची सोय जवळ आहे काय? वरई, राळा यांची टरफले काढण्याची गिरणी नसेल तर भाव व्यापारीच ठरवतो.

३. खरेदी करणारे किमान तीन आहेत काय? किनोवा व चियाचे सौदे मध्य प्रदेशातील नीमच बाजारात होतात. दलालाच्या शब्दावर न राहता तेथील भाव व वाहतूक खर्च स्वतः विचारावा.

४. पीक किती वर्षांचे आहे? हंगामी पीक फसले तर एक हंगाम जातो. ड्रॅगन फ्रूटसारख्या फळझाडात खांब व रोपांचा मोठा खर्च पहिल्याच वर्षी होतो आणि भाव पडला तरी बाग मोडता येत नाही.

५. भाव तिसऱ्या हिश्श्यावर आला तर काय? समजा, एकरी खर्च ३०,००० रुपये व उत्पादन ५ क्विंटल आहे. खर्च निघण्यास क्विंटलला ६,००० रुपये भाव हवा. आजचा भाव १५,००० रुपये असेल व तो निम्मा झाला तरी थोडे उरते. तो ५,००० रुपयांवर आला तर एकरी ५,००० रुपये तोटा होतो. हा तोटा सोसण्याइतकेच क्षेत्र त्या पिकाखाली घालावे.

पुढे काय चालेल?

सध्याची ओढ प्रथिनांकडे आहे आणि तंतुमय पदार्थांची चर्चा वाढत आहे. हे दोन्ही घटक देणारा हरभरा व तूर आपल्याकडे आहेतच. ओमेगा-३ साठी लोक चिया विकत घेतात; विदर्भात ज्याची चटणी घरोघर होते, त्या जवसातही हे स्निग्धाम्ल भरपूर असते. भरड धान्यांना केंद्र सरकारने २०१८ मध्ये पौष्टिक तृणधान्ये म्हणून मान्यता दिली आणि २०२३ हे त्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष झाले. बाजरीत लोहाचे प्रमाण अधिक असलेला ‘धनशक्ती’ हा वाण राज्यात २०१२ मध्ये प्रसारित झाला आहे. लाट आली तर अशा पिकांना चार पैसे अधिक मिळतात आणि ओसरली तरी नेहमीचे गिऱ्हाईक राहते. त्यातही जादा पैसा मिळतो तो स्वच्छ, प्रतवारी केलेल्या मालाला. म्हणून गटाने मिळून चाळणी व गिरणीची सोय करावी.

नवे पीक घेऊच नये, असे नाही. पहिल्या वर्षी पाच-दहा गुंठ्यांवर घ्यावे, माल स्वतः बाजारात नेऊन विकावा, उत्पादन व खर्चाची नोंद ठेवावी आणि मगच क्षेत्र वाढवावे. बियाणे किंवा रोपांसाठी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी, तसेच परत खरेदीच्या करारावर सही करण्यापूर्वी, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठाच्या संशोधन केंद्रावर जाऊन चौकशी करावी.