आजाराला ‘नाटकं’ म्हणणाऱ्या घरासाठी एक नाटक

‘नाटकं करू नगंस.’ कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत हे वाक्य येता-जाता कानावर पडतं. शाळा बुडवणाऱ्या पोराला, कामाचा कंटाळा करणाऱ्या भावाला, रुसून बसलेल्या पुतणीला. बहुतेक वेळा त्यात कुणाला वावगं वाटत नाही. पण कधीकधी ज्याला ते ऐकवलं जातं, त्याला तीन आठवडे धड झोप लागलेली नसते. जेवणाची चव गेलेली असते. अंघोळीला उठणंही डोंगर चढण्यासारखं झालेलं असतं. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं. उदासीनता किंवा भास दाखवायला असं काही हाताशी नसतं. मग घर म्हणतं, सोंग आहे. आणि दवाखान्याची वाट लांबत जाते.

ही वाट किती लांब आहे, याचा अंदाज बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातून येतो. बारा राज्यांत झालेल्या या पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं आढळलं. आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. डॉक्टरांची कमतरता हे त्याचं एक मोठं कारण. राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. कोल्हापूरकरांना त्यातलं सगळ्यांत जवळचं रत्नागिरीचं, तेही घाट उतरून. पण दुसरं कारण घरातच असतं. जे सोंग वाटतं, त्यासाठी कुणी घाट उतरत नाही.

गंमत अशी, की हा गैरसमज दूर करायला नाटकच कामी येऊ शकतं. तयार संहिता पाठ करून केलेलं नाटक नव्हे, तर काही माणसांनी एकत्र बसून, प्रसंग सुचवून, ऐनवेळी संवाद बोलत घडवलेलं नाटक.

आपल्याकडे ही पद्धत परकी नाही. सिंधुदुर्गातल्या दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. प्रयोगाआधी कथानक ठरतं, कोण कोणाचं काम करणार हे ठरतं, आणि बाकी सगळं नट रंगमंचावर उभं करतात. तमाशातली बतावणीही बरीचशी हजरजबाबीपणावर चालते. समोरचा काय बोलला ते नीट ऐकायचं आणि त्यावर आपलं वाक्य टाकायचं, हे या कलेचं मूळ. मानसिक आजाराच्या बाबतीत तेच कामाला येतं, कारण घरातून नेमकं हे ऐकणंच हरवलेलं असतं.

अशी तालीम कशी चालते, ते एका साध्या प्रसंगावरून पाहू. समजा, चार जणांना एवढंच सांगितलं: शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला जाणारा मुलगा महिनाभर घरीच आहे, बोलत नाही. एक जण मुलगा होतो, एक वडील, एक आई, एक आत्या. पहिल्या फेरीत कुणाला काही शिकवावं लागत नाही. वडील म्हणतात, ‘खातोयस, पितोयस, काय धाड भरलीय तुला?’ आत्या म्हणते, ‘बाहेरचं काहीतरी असंल, अमावास्येला दाखवून आणा.’ आई मुकाट्याने ताट सरकवते. ही वाक्यं सगळ्यांना तोंडपाठ असतात.

दुसऱ्या फेरीत भूमिका बदलतात. मघाशी वडील झालेला आता मुलाच्या जागी बसतो आणि त्याचीच वाक्यं त्याला ऐकवली जातात. या बाजूने ऐकताना त्याला उत्तरच सुचत नाही, आणि मुलगा गप्प का होता, याचा अंदाज येऊ लागतो. तिसऱ्या फेरीत एकच वाक्य बदलून पाहायचं. ‘काय धाड भरलीय’च्या जागी आई विचारते, ‘झोप कधीपासनं लागंना?’ या प्रश्नाला मुलाकडे उत्तर असतं. प्रसंग तिथून वेगळ्या दिशेने जातो.

पण चांगला गट इथे थांबत नाही. एका मायेच्या वाक्याने आजार बरा झाला, असं दाखवणं ही फसवणूक ठरेल. म्हणून पुढचा प्रसंग असतो बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेचा. त्यापुढचा गोळ्यांचा. नैराश्यावरच्या औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला काहींना झोप किंवा मळमळ येते, आणि बरं वाटू लागलं तरी औषध काही महिने चालू ठेवावं लागतं. घरोघरी नेमकी याच टप्प्यावर गोळी सुटते. ‘बरा झालायस की आता, कशाला रोज गोळ्या?’ हे वाक्यही तालमीत आपोआप येतं, आणि तिथे गटाला डॉक्टरांशी बोलून माहिती पक्की करून घ्यावी लागते.

भूमिकांच्या या अदलाबदलीला शंभर वर्षांचा इतिहास आहे. याकोब मोरेनो या डॉक्टरने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात उत्स्फूर्त नाटकाचं थिएटर चालवलं. तिथली एक नटी रंगमंचावर सालस मुलींची कामं करायची आणि घरी नवऱ्याशी कडाडून भांडायची. मोरेनोने तिला मुद्दाम भांडखोर बायकांच्या भूमिका दिल्या, आणि घरातलं तिचं वागणं निवळू लागलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे तो अमेरिकेत गेला, आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन इथे त्याने रुग्णालय काढलं. तिथे ‘सायकोड्रामा’ ही उपचारपद्धती रुजली. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात या खेळाला सामाजिक वळण दिलं. त्यांच्या ‘फोरम थिएटर’मध्ये प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून नाटक अडवतो, पात्राच्या जागी स्वतः उभा राहतो आणि वेगळं वागून दाखवतो. हद्दपारीत युरोपात काम करताना बोआल यांना दिसलं, की बाहेर पोलीस नसला तरी माणसांच्या डोक्यात एक पोलीस बसलेला असतो. आतल्या या दडपणावरही त्यांनी पुढे नाटकाचे खेळ बांधले.

महाराष्ट्रात नाटक आणि मनोविकारशास्त्र यांची गाठ डॉ. मोहन आगाशे यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञ नटामुळे फार आधीच पडली. ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया, तर ‘कासव’ने नैराश्य मराठी घरांत पोचवलं. लोकांनी स्वतः नाटक घडवण्याची वाट मात्र वेगळ्या दिशेने आली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. त्यानंतर अतुल पेठे आणि राजू इनामदार यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांसोबत ‘रिंगणनाट्य’ उभं केलं. प्रेक्षकांनी गोल करायचा, मध्ये नाटक, पडदा नाही, प्रकाशयोजना नाही. साताऱ्याची ‘परिवर्तन’ ही संस्था मानसिक आरोग्याचं काम करते आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर त्यात आहेत. याच संस्थेने पेठे यांच्यासह ‘मानसरंग’ या उपक्रमातून मानसिक आरोग्यावर नाटकं घडवून घेतली.

या कामात सगळ्यांत मोठा धोका पहिल्याच दिवशी समोर येतो. ‘मनोरुग्ण करून दाखवा’ म्हटलं, की बहुतेक जण केस विस्कटतात, डोळे फिरवतात, मोठ्याने हसतात किंवा अंगावर धावून जातात. हा वेडा सिनेमांतून आलेला असतो. प्रत्यक्षात मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं हिंसक नसतात, उलट इतरांच्या हिंसेला बळी पडण्याची शक्यताच त्यांच्या बाबतीत जास्त असते.

दुसरा मोह असतो लक्षण ‘अनुभवायला’ देण्याचा. एक खेळ जगभर केला जातो. एकाने भाजी घ्यायची, आणि त्याच वेळी दोघांनी त्याच्या दोन्ही कानांत सतत कुजबुजायचं. स्किझोफ्रेनियात कानात येणारे आवाज कसे असतील, याची त्यातून कल्पना येते. पण अशा प्रयोगांवरच्या अभ्यासांचा २०११ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा चित्र संमिश्र निघालं. भाग घेणाऱ्यांची सहानुभूती वाढली, पण रुग्णापासून चार हात लांब राहण्याची इच्छाही वाढली. ‘बापरे, हे असं असतं!’ ही भीती माणसाला जवळ आणत नाही. याउलट, आजारातून गेलेल्या माणसाशी प्रत्यक्ष भेट, गप्पा, बरोबरीने केलेलं काम यांनी कलंक कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. कलंक आणि भेदभावाविषयीच्या ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२२ मध्ये याच उपायावर भर दिला.

म्हणून जाणते गट वेड दाखवण्यापेक्षा घर दाखवतात. आजारी माणसाभोवती कोण काय बोलतं, कुठे गप्प बसतं, लग्नाच्या बोलणीत काय लपवतं, हे तिथे उलगडत जातं. आणि आजारातून गेलेली माणसं त्यांच्या मर्जीने नाटक रचणाऱ्यांच्या बाजूला बसतात.

त्यांच्या मर्जीने, हे महत्त्वाचं. खेळ म्हणून सुरू झालेलं नाटक कसं अंगावर येऊ शकतं, हे विजय तेंडुलकरांनी १९६७ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये दाखवून ठेवलं आहे. हौशी नटमंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात, आणि बघता बघता लीला बेणारेचं खरं आयुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं. तालमीत कुणी आपली हकिगत सांगितली आणि लगेच ‘चला, हेच करू’ असं झालं, तर बेणारे व्हायला वेळ लागत नाही.

त्यामुळे काही पथ्यं पाळावी लागतात. हकिगत सांगणाऱ्याने ती स्वतः करायची नाही, नाव-गाव-नातं बदलून दुसऱ्याने करायची. सांगितलेलं कधीही मागे घेता यायला हवं. तालीम संपली की भूमिका उतरवायची. स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं, जागा बदलायची, पाणी प्यायचं, तोवर घरी जायचं नाही. आत्महत्येचा विषय आला तर कृती किंवा पद्धत दाखवायची नाही, मदत कशी मिळाली ते दाखवायचं. आणि तालमीला प्रशिक्षित समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ हजर हवा, कारण जुनी जखम कधी उघडेल हे सांगता येत नाही.

हे नाटक म्हणजे उपचार मात्र नव्हे. स्किझोफ्रेनियात नाट्योपचाराचा किती उपयोग होतो, याचा ‘कॉक्रेन’ने २००७ मध्ये आढावा घेतला. निकषांत बसणारे जेमतेम पाच अभ्यास हाती लागले आणि त्यांवरून ठाम निष्कर्ष काढता आला नाही. नाटकामुळे गोळी सुटावी असं काही विज्ञान सांगत नाही. घराने आजार लवकर ओळखावा आणि रुग्णाला गोळी घेऊ द्यावी, एवढं या नाटकाने साधलं तरी ते पुष्कळ आहे.

कोल्हापूरला यासाठी फार शोधाशोध करावी लागणार नाही. डॉक्टर असलेल्या शरद भुताडिया यांच्या ‘प्रत्यय’ने विंदा करंदीकरांच्या मराठीतला ‘राजा लिअर’ इथल्या रंगभूमीवर आणला होता. म्हाताऱ्या बापाचं भान सुटत जातं तेव्हा लेकी त्याच्याशी काय बोलतात, याचंच ते नाटक. शिवाजी विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवलं जातं, सीपीआरसारखं सरकारी रुग्णालय शहराच्या मध्यात आहे. शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं, तेव्हा सगळं शहर हळहळलं. पण रिंगणाला नाट्यगृह लागत नाही. गल्लीतला गणपतीचा मांडव पुरतो, तालमीचं आवार पुरतं, कारखान्यावरच्या जेवणाच्या सुट्टीतली अर्धी तासही पुरते.

प्रयोग संपल्यावर कुणीतरी हळूच पुढे येऊन विचारतं, ‘आमच्या घरात असंच एकजण आहे, कुठं दाखवायचं?’ त्याचं उत्तर गटाजवळ तयार असायला हवं. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो फोन रुग्णानेच करायला हवा असंही नाही, घरातल्या कुणीही केला तरी चालतो. फोनवर पहिल्यांदा काय सांगायचं, हे सुचत नसेल तर सुरुवात सोपी आहे: झोप कधीपासून लागत नाही.