गोळेश्वर ते पाटोदा : ५७ किलोंचा वारसा

बीड जिल्ह्यातील पाटोदा हे तालुक्याचे गाव. बालाघाटच्या डोंगररांगांतील हा परिसर राज्याला परिचित आहे तो दुष्काळासाठी आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड मजुरांसाठी. १२ एप्रिल २०१८ रोजी मात्र या गावाचे नाव वेगळ्याच कारणाने वृत्तवाहिन्यांवर झळकले. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत पाटोद्याच्या राहुल आवारे याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५-७ असे नमवून ५७ किलो गटाचे सुवर्णपदक पटकावले. पदक गळ्यात पडल्यावर त्याने ते आपले दिवंगत गुरू हरिश्चंद्र बिराजदार यांना अर्पण केले.

वरवर पाहता हा एका शिष्याने व्यक्त केलेला कृतज्ञभाव होता. परंतु कुस्तीसारख्या खेळात गुरूचे नाव घेणे म्हणजे एक संपूर्ण परंपरा सांगणे असते. राहुलने जिंकलेला वजनगट, त्याने वापरलेली शैली आणि पुढे त्याच्या वाट्याला आलेले यश-अपयश यांचा उलगडा करायचा तर महाराष्ट्राच्या पहिल्या पिढीतील विजेत्यांपर्यंत मागे जावे लागते.

प्रत्येक खेळाच्या प्रारंभीच्या विजेत्यांबाबत असेच घडते. ते केवळ स्पर्धा जिंकत नाहीत, खेळ कसा खेळायचा हेही ठरवतात. ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धा विक्रमी सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी व्हार्डनचा या स्पर्धेतील शेवटचा विजय १९१४ चा. पण काठी पकडण्याची त्याने रूढ केलेली पद्धत आजही जगभरातील गोल्फपटूंच्या हातांत आहे आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. कुस्तीत डावांना माणसांची नावे फारशी दिली जात नाहीत. तेथे वारसा नोंदला जातो तो तालमीच्या नावाने.

मातीतून गादीवर

महाराष्ट्राच्या आधुनिक कुस्तीचा प्रारंभ शोधायचा तर तो सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावात सापडतो. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले. तोवरची त्यांची सारी कुस्ती मातीवरची होती. गादीचा पृष्ठभाग, गुणांची पद्धत, वेळेचे बंधन हे सारेच नवे होते. या पार्श्वभूमीवर सहावा क्रमांक उल्लेखनीयच म्हणावा लागेल. पण खाशाबांनी त्यावर समाधान मानले नाही.

हा फरक नेमका काय आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे. आखाड्यातील तांबडी माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मऊ केलेली असते. पाय तिच्यात रुततात आणि हालचाल साहजिकच संथ होते. लंगोट किंवा जांघिया धरून डाव टाकण्यास मुभा असते. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावली, म्हणजे चितपट केले, की कुस्ती निकाली. नाही केले तर बरोबरीत सुटते. गादीवर मात्र पाय रुतत नाहीत, पोशाखाला हात लावण्यास मनाई असते आणि प्रत्येक कृतीचा हिशेब होतो. पट काढून प्रतिस्पर्ध्याला खाली घेतले की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले की एक, उचलून धोकादायक स्थितीत फेकले तर चार किंवा त्याहून अधिक. आजच्या नियमांनुसार फ्रीस्टाइलची लढत प्रत्येकी तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि दहा गुणांची आघाडी मिळताच ती तेथेच संपते. गोल्ड कोस्टच्या अंतिम लढतीत दोघा मल्लांनी मिळून बावीस गुण वसूल केले. गावच्या जत्रेतल्या जाणत्या प्रेक्षकाच्या लेखी या बावीस गुणांची किंमत शून्य, कारण पाठ कोणाचीच लागली नाही.

१९५२ मध्ये खाशाबा हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीच्या बळावर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत सुपरिचित आहे. खाशाबा बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको व जर्मनीच्या मल्लांना हरवून त्यांनी आगेकूच केली. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची दीर्घ लढत झाली आणि तीत ते पराभूत झाले. लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोवसमोर उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो दाखवून हरकत घेण्यासाठी तेथे एकही भारतीय अधिकारी उपस्थित नव्हता. थकलेले खाशाबा ती लढत हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ठरले. कऱ्हाडमध्ये शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

खाशाबांच्या यशातून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या होत्या. कमी वजनाचा, चपळ मल्ल जगाशी टक्कर देऊ शकतो. त्यासाठी सराव गादीवर व्हायला हवा. आणि सोबत नियम जाणणारा माणूस हवा. महाराष्ट्राने मिरवणूक मोठी काढली. हे धडे गिरवण्यास मात्र फार वेळ लावला.

गदेचे आकर्षण

याचे एक कारण पुढच्या दशकात घडलेल्या घडामोडींत आहे. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे यांनी दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिला ‘हिंदकेसरी’ किताब पटकावला. पुढच्याच वर्षी तो गणपतराव आंदळकरांनी मिळवला. १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा सुरू झाली. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर व मारुती माने या दोघांनीही सुवर्णपदके आणली. हे सारे भारदस्त देहाचे मल्ल होते. त्यांची लोकप्रियता अफाट होती आणि त्यांच्यामुळेच खेड्यापाड्यांत तालमी बहरल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. खुद्द आंदळकरांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून घडवलेले दादू चौगुले १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक जिंकून आले.

पण या पिढीने एक मोजमापही रुजवले, ते म्हणजे खांद्यावरची चांदीची गदा. महाराष्ट्र केसरीच्या किताबी गटासाठी ८६ ते १२५ किलो वजन लागते. माती आणि गादी अशा दोन विभागांत स्पर्धा होऊन दोन्हींचे विजेते अखेरीस किताबासाठी झुंजतात. ही रचना जुन्या-नव्याचा मेळ घालणारी आहे खरी. पण ५७ किलोचा मल्ल, मग तो ऑलिम्पिकवीर का असेना, त्या गदेला हात लावू शकत नाही. जत्रेतील सर्वांत मोठे इनामही सहसा भारी वजनाच्या कुस्तीलाच असते. दुष्काळी गावातला बाप मुलाच्या खुराकावर खर्च करतो तेव्हा हा हिशेब त्याच्या डोळ्यांसमोर असतो. त्याला दोष कसा द्यावा?

बेळगावनंतरचे दोन रस्ते

हरिश्चंद्र बिराजदार हे याच गदेच्या परंपरेतील मल्ल. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचा हा मराठवाडी गडी कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडला आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाला. ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा बहुमानही त्यांना लाभला. मात्र त्यांचे नाव घराघरांत पोहोचले ते १९७७ च्या बेळगावच्या कुस्तीने. दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचा सतपाल त्या काळी ऐन भरात होता. त्याला बिराजदारांनी पराभूत केले. जुने कुस्तीशौकीन आजही त्या लढतीची उजळणी करताना थकत नाहीत.

त्या लढतीचा खरा परिणाम मात्र मैदानाबाहेर, दोन्ही मल्लांनी निवृत्तीनंतर काय केले यात शोधावा लागतो. सतपाल यांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि नंतर दिल्लीच्याच छत्रसाल स्टेडियममध्ये लहान वयाची मुले हाताशी धरून गादीवरच्या कुस्तीची शाळा उभारली. सुशील कुमार तेथलाच. २००८ मध्ये बीजिंगला त्याने कांस्यपदक जिंकले, तेव्हा खाशाबांनंतर ५६ वर्षांनी भारतीय कुस्तीला ऑलिम्पिक पदक मिळाले. बिराजदार पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीचे वस्ताद झाले. स्वतः भारी वजनाचे मल्ल असूनही त्यांनी हलक्या वजनाच्या पोरांना जवळ केले, त्यांना गादीची गोडी लावली. ग्रीको-रोमन प्रकारात नाव कमावून अर्जुन पुरस्कार मिळवणारे काका पवार हे त्यांचे शिष्य. पाटोद्यात पैलवान वडिलांकडून पहिले धडे घेतलेला राहुल आवारे हादेखील बिराजदारांच्याच तालमीत दाखल झाला.

त्याची प्रगती वेगाने झाली. २००८ मध्ये पुण्यातील राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सुवर्ण, २००९ मध्ये जागतिक कनिष्ठ स्पर्धेत रौप्य, २०११ मध्ये आशियाई स्पर्धेत कांस्य. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बिराजदारांचे निधन झाले. काका पवारांनी गुरुबंधूच्या नात्याने राहुलला आपल्या छत्राखाली घेतले आणि पुण्यात कात्रजजवळच्या त्यांच्या संकुलात सराव पुढे सुरू राहिला. एखाद्या संस्थेची घडी विस्कटल्यावर खेळाडू वाऱ्यावर सुटतो, असे अनेकदा घडते. येथे गुरुपरंपरेने तो धोका टाळला.

तरीही मोठ्या स्पर्धांचे दरवाजे त्याच्यासाठी बंदच राहिले. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघात तो नव्हता. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला आणि २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुलला त्याच्या वजनगटातून छत्रसालचा अमित कुमार गेला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकला ५७ किलोतून संदीप तोमरची निवड झाली. गोल्ड कोस्टचे सुवर्ण मिळेपर्यंत राहुल २६ वर्षांचा झाला होता.

पुढच्या वर्षी कझाकस्तानमधील नूर-सुलतान येथील जागतिक स्पर्धेत तो ६१ किलो गटात उतरला आणि अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११-४ असे हरवून त्याने कांस्यपदक जिंकले. येथे नियमांची एक बाजू ध्यानात घ्यायला हवी. जागतिक स्पर्धेत फ्रीस्टाइलचे दहा वजनगट असतात, ऑलिम्पिकमध्ये मात्र सहाच. ५७ आणि ६५ किलो ऑलिम्पिकमध्ये आहेत. मधला ६१ किलो नाही. म्हणजे जगात तिसरा येऊनही राहुलला टोकियोसाठी चार किलो खाली उतरावे लागणार होते किंवा चार किलो वर चढावे लागणार होते. वर ६५ किलोत बजरंग पुनिया होता. खाली ५७ किलोत त्याच जागतिक स्पर्धेत कांस्यपदकासह टोकियोचा कोटा मिळवलेला रवी दहिया होता. तोही छत्रसालचाच. रवीने २०२१ मध्ये टोकियोत रौप्यपदक जिंकले. २०२४ मध्ये पॅरिसला त्याच ५७ किलोत अमन सेहरावत याने कांस्यपदक मिळवले. त्याचाही आखाडा छत्रसालच.

बेळगावच्या मैदानात बिराजदार जिंकले होते. पुढच्या पिढीच्या लढतीत मात्र सतपाल यांची शाळा सरस ठरली, असे म्हणणे क्रमप्राप्त आहे. यात बिराजदारांच्या शिकवणीचे न्यून दाखवणे उचित होणार नाही, कारण आंतरराष्ट्रीय दर्जाचा मल्ल घडवता येतो हे त्यांच्या शिष्यांनी सिद्ध केले. उणीव आहे ती संख्येची. छत्रसालमध्ये अमित गेला तर रवी होता, रवीनंतर अमन पुढे आला. एकाच वजनगटात एकामागे एक उभे राहणारे मल्ल महाराष्ट्राला अद्याप दाखवता आलेले नाहीत. गदेसाठी झुंजणारे भारी मल्ल मात्र दरवर्षी नव्याने पुढे येतात.

ज्या गटात खाशाबांनी १९५२ मध्ये पदक मिळवले, त्याच गटात भारताला पुढे दोन ऑलिम्पिक पदके मिळाली आणि दोन्ही हरियाणात गेली. महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. ते २०२४ मध्ये पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने जिंकले, पण नेमबाजीत. दरम्यान २०१७ मध्ये खाशाबांच्या कुटुंबीयांनी, गोळेश्वरला जाहीर झालेले कुस्ती संकुल होत नसल्याने, हेलसिंकीचे पदकच लिलावात काढण्याचा विचार बोलून दाखवला होता.

खाशाबा १९५५ मध्ये पोलिस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. राहुल आवारे याला २०२० मध्ये, खेळत असतानाच, अर्जुन पुरस्काराने गौरवण्यात आले. महाराष्ट्र पोलिस दलात त्याची नियुक्ती झाली ती थेट उपअधीक्षक पदावर.