सुई, व्हॉल्व्ह आणि मध्यस्थ

मुलगा सोन्यासारखा, मुलगी रत्नासारखी, आणि तरी दोघांचे जमत नाही, असे आपण पुष्कळ घरांतून पाहतो. दोष कोणाचाच नसतो. नसते ती जुळणी. गाणे वाजवणाऱ्या यंत्रांचेही असेच आहे. उत्तम सुई आणावी, ती उत्तम व्हॉल्व्हच्या प्रीअँप्लिफायरला जोडावी, आणि घरात गाण्याऐवजी नुसते सूंऽऽ ऐकू यावे, असे खुशाल घडते.

१९८२ साली सीडी आली तेव्हा तबकड्यांचे दिवस भरले असे बहुतेकांनी धरले होते. पण तबकड्या चिवट निघाल्या. गेल्या पंधरा-वीस वर्षांत कित्येक घरांतल्या माळ्यावरच्या एलपी पुन्हा खाली उतरल्या आहेत. म्हणूनच ही जुळणी जरा समजून घेण्याजोगी आहे.

आमच्या इमारतीतले तात्या बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या थोरल्या भावाने स्वतःच्या हातांनी जोडलेला व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर त्यांच्याकडे आहे. भाऊ आज हयात नाहीत. गेल्या वर्षी मुलाने तात्यांना 'मूव्हिंग कॉइल' जातीचे कार्ट्रिज भेट दिले. ते बसवल्यापासून आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली तरी गाणे चार घरे पलीकडून यावे तसे येई, आणि त्याच्या मागे अखंड सूंऽऽ! काकू तरुणपणी आपल्या गुरूंच्या मैफलींत मागे तानपुऱ्यावर बसत. त्या एवढेच म्हणाल्या, "गाणं येतंय हो, पण तानपुरा कुठे गेला?"

एका दुकानदाराने सल्ला दिला की, हे जुने धूड मोडीत काढा आणि नवे यंत्र घ्या. तात्यांचे पेन्शन बेताचे, आणि धूड म्हणजे भावाची आठवण. मी पडलो मराठी शिकवणारा. मला त्यातले काय कळणार? मी आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सरांनाच तात्यांकडे घेऊन गेलो. त्यांनी सांगितले ते माझ्या भाषेत वाचकांपुढे ठेवतो.

तबकडीच्या खाचेत सुई थरथरते, आणि त्या थरथरीची वीज करणे हे कार्ट्रिजचे काम. नेहमीच्या कार्ट्रिजमध्ये सुईबरोबर इवलासा लोहचुंबक हलतो आणि तारेची वेटोळी जागच्या जागी असतात. ती स्थिर असल्यामुळे हवे तेवढे वेढे देता येतात, आणि सुमारे ५ मिलिव्होल्ट वीज मिळते. मूव्हिंग कॉइलमध्ये उलटे असते. तेथे वेटोळेच सुईबरोबर हलते. ते हलके राहावे म्हणून वेढे अगदी थोडे. हलके असल्यामुळे ते खाचेतली बारीकसारीक नक्षी चटकन पकडते. पण वेढे थोडे म्हणून वीजही थोडी. डेन्मार्कच्या ऑर्टोफॉनने १९५९ साली काढलेले एसपीयू सुमारे ०.२ मिलिव्होल्ट देते. जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी १९६० नंतरच्या दशकात तयार झालेले डेनॉनचे डीएल-१०३ देते ०.३ मिलिव्होल्ट. तात्यांचे कार्ट्रिज याच सुमाराचे होते.

आता तात्यांचा प्रश्न आला, "सर, मग आणखी एक व्हॉल्व्ह चढवला तर?"

सर म्हणाले, "तात्या, सभेत शेवटच्या रांगेतला कोणी पुटपुटला, तर कर्णा मोठा करून भागत नाही. त्याच्या पुटपुटण्याबरोबर सभेचा गलबलाही मोठा होतो."

व्हॉल्व्हची स्वतःची एक सूक्ष्म सरसर असते. ईसीसी ८३ सारख्या चांगल्या व्हॉल्व्हचीही ती मायक्रोव्होल्टच्या घरात जाते. गायकाचा स्वर ०.३ मिलिव्होल्ट, म्हणजे ३०० मायक्रोव्होल्ट धरला, आणि तानपुऱ्याची विरत जाणारी आस त्याच्या शंभराव्या हिश्शाची मानली, तर ती उरते ३ मायक्रोव्होल्ट. ती व्हॉल्व्हच्या सरसरीत बुडणारच. शिवाय तबकडीवर खर्जाचे स्वर मुद्दाम दाबून कोरलेले असतात आणि प्रीअँप्लिफायर ते पुन्हा उचलून धरतो. त्यामुळे घरच्या विजेची ५० हर्ट्झची घूं मधल्या स्वरांच्या मानाने सुमारे सातपट फुगते.

यावर तोडगा म्हणजे व्हॉल्व्हच्या आधी बसवायचा एक छोटासा ट्रान्सफॉर्मर. लोखंडासारख्या धातूच्या गाभ्यावर तारेचे दोन गुंडाळे, बस्स! त्याला ना वीज लागते, ना व्हॉल्व्ह. त्याची स्वतःची सरसर नाममात्र. एका बाजूला एक वेढा तर दुसऱ्या बाजूला दहा, असे प्रमाण असले की वीज दसपट होऊन व्हॉल्व्हकडे जाते. (ट्रान्झिस्टरच्या छोट्या यंत्रानेही हे काम होते, पण तात्यांना भावाच्या यंत्राशेजारी साधी वस्तू हवी होती.)

"मग तीसपट करणाराच घेऊ की!" तात्या म्हणाले. बँकेतला माणूस, व्याज जास्त मिळत असेल तर कमी का घ्या?

खरी गोम येथे आहे. ट्रान्सफॉर्मर फुकट काही देत नाही. प्रीअँप्लिफायर आपल्या दारात साधारण ४७,००० ओहमचा विरोध ठेवतो. दसपट ट्रान्सफॉर्मरमधून पाहिले की कार्ट्रिजला तो दहाच्या वर्गाने, म्हणजे शंभराने भागलेला दिसतो: ४७० ओहम. तीसपटमधून तो नऊशेने भागला जातो: जेमतेम ५२. हा आकडा जितका लहान, तितके कार्ट्रिजवर ओझे जास्त. तात्यांच्या कार्ट्रिजचा स्वतःचा विरोध ४० ओहम. सरांनी उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. दसपटने ३ मिलिव्होल्टपैकी सुमारे २.८ हाती येतात. तीसपटने ९ मिळायला हवेत, पण येतात सुमारे ५; बाकीचे वाटेतच खर्ची पडतात, आणि ओझ्याखाली कार्ट्रिजचा मोकळेपणाही जातो. मात्र तोच तीसपट ट्रान्सफॉर्मर २ ओहमच्या जुन्या एसपीयूला शोभून दिसतो. तेव्हा ट्रान्सफॉर्मर चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा; तो कोणासाठी, हे विचारायचे. दिसणारा विरोध कार्ट्रिजच्या विरोधाच्या दसपट किंवा अधिक असावा, हा ढोबळ नियम.

दसपट ट्रान्सफॉर्मर आला. पहिल्या दिवशी घूं होतीच. सरांनी तो प्रीअँप्लिफायरच्या वीजपुरवठ्यापासून हातभर दूर नेला, हळूहळू फिरवून घूं सर्वांत कमी होईल त्या कोनात ठेवला, तारा आखूड केल्या आणि टर्नटेबलची अर्थिंगची तार नीट आवळली. एवढ्यावर काम झाले. तबकडीची स्वतःची खरखर राहिली; ती कोणताही ट्रान्सफॉर्मर घालवीत नाही. पण गायकाने पहिला षड्ज लावण्याआधी काकूंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "जवारी छान लागलीय. पंचम मात्र किंचित उतरलाय." तात्या भावाच्या यंत्राकडे पाहत राहिले. दुकानदाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

या दिवाळीत ज्यांच्या घरी तबकड्या पुन्हा वाजू लागतील, त्यांनी पैसे मोजण्यापूर्वी चार आकडे कागदावर लिहून घ्यावेत. कार्ट्रिज किती मिलिव्होल्ट देते? त्याचा विरोध किती ओहम? प्रीअँप्लिफायरला वीज किती लागते आणि त्याच्या दारातला विरोध किती? हे कागदपत्रांत छापलेले असते. भागाकार आणि वर्ग आठवीतल्या मुलालाही येतो. त्यालाच हिशेबाला बसवावे. पत्रिका जुळली तर जुने यंत्र मोडीत काढण्याची पाळी सहसा येत नाही.