सातवीनंतर मुलास कोठे घालावे?

कलबुर्गीच्या बाजारात नवी तूर येऊ लागली की आपण पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा पाहून भाव बोलत नाही. हात आत घालून मूठभर दाणा काढतो, दाताखाली धरून ओल पाहतो, डाळ किती उतरेल याचा मनाशी हिशेब करतो. तेच आपण, मुलाची सातवी झाली की शेजारच्या पेढीवरील मुलगा ज्या गावी गेला त्याच गावी आपल्या मुलाची पेटी व अंथरूण रवाना करतो. आम्हीही हेच केले होते, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहो.

आमच्या धाकट्या चिरंजीवास लहानपणापासून गुरांचे वेड. शेतकरी गाडी घेऊन अडतीवर आले की हा मालाकडे न पाहता बैलांकडे पाही. देवणी बैलाचे कपाळ कसे, कान कसे, हे त्यास सातवीतच ठाऊक होते. बीदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले, तेव्हापासून 'अण्णा, मी तेथे जाणार' हे त्याचे पालुपद होते. २००६ साली त्याने सातवी पुरी केली. त्याच्या मामांनी उदगीरला ठेवण्याचा आग्रह धरला. लातूर व उदगीरकडील शिकवणीची ख्याती मोठी, आणि ती खोटीही नाही. आम्ही मुलास काही विचारले नाही. आठवी ते बारावी तो तिकडे शिकला व उत्तम गुणांनी पास झाला.

२०११ साली प्रवेशासाठी कागदपत्रांच्या तपासणीच्या टेबलाशी आम्ही बापलेक उभे राहिलो, तेव्हा तेथील गृहस्थांनी नियम वाचून दाखविला. कर्नाटकातील सरकारी कोट्याच्या जागेसाठी मुलाने पहिली ते दुसरी पी.यू.सी. यांमधील किमान सात पूर्ण वर्षे राज्यात शिकलेले असावे, आणि शिवाय एस.एस.एल.सी. किंवा दुसरी पी.यू.सी. यांपैकी एक परीक्षा राज्यातूनच उत्तीर्ण झालेली असावी. सात वर्षे आमच्याजवळ बरोबर होती, दुसरी अट मात्र पुरी होत नव्हती. इतर कलमे होती, पण त्यांत आम्ही बसत नव्हतो. महाराष्ट्राकडे वळलो तो तेथे अधिवासाचा दाखला हवा. तो आमच्याजवळ कोठून असणार? वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषा असणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने वेगळी तरतूद ठेवली आहे, हे आम्हांस अर्जाची मुदत टळल्यावर कळले. चिरंजीव बी.कॉम. झाले व गादीवर बसले. त्यांनी आम्हांस कधी एका शब्दाने बोल लावला नाही. अजूनही एखाद्या शेतकऱ्याचा बैल लंगडला तर हिशेबाची वही मिटून ते बाहेर जातात. आम्ही ते पाहतो व गप्प राहतो.

वास्तविक आपल्या भागात शाळेचा प्रश्न कधीच सोपा नव्हता. आमचे तीर्थरूप निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकले, खातेवही मोडीत लिहीत व घरी मराठी बोलत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी होऊन बीदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. आम्ही मराठी शाळेतून मॅट्रिक झालो आणि कानडी बाजारात शिकलो. आज नातवंडे इंग्रजीत शिकतात. ज्या घरात तीन पिढ्यांची शाळा तीन भाषांत झाली, तेथे वडिलांच्या अनुभवावरून मुलाची वाट ठरविता येत नाही.

यास्तव आमची विनंती अशी की, निवड दहावीनंतर करावयाची असते हा समज प्रथम टाकून द्यावा. सीमेवरच्या मुलाची अर्धी निवड आठवीत नाव घालतानाच होऊन जाते. संसदेने २०१२ साली संमत केलेल्या घटनादुरुस्तीने ३७१-जे हे कलम आले. त्यान्वये कल्याण कर्नाटकातील स्थानिक विद्यार्थ्यांस या भागातील संस्थांत ७० टक्के व राज्यपातळीवरील संस्थांत ८ टक्के जागा राखीव मिळतात. त्याचे प्रमाणपत्र वेळीच काढून ठेवावे; ऐन घाईत कचेरीच्या पायऱ्या झिजवू नयेत. मूल सीमेपलीकडे पाठविण्यास आमचा विरोध नाही, परंतु दोन्हीकडील माहितीपुस्तिका त्या वर्षीची आणून, वाचून, मग पाठवावे. नियम बदलतात, आमचा अनुभव हा काही कायदा नव्हे.

भाषेचेही तसेच. २०२४ च्या एस.एस.एल.सी.त पहिल्या भाषेला १२५ गुण होते, इतर विषयांना १००. तेव्हा पहिली भाषा कोणती घ्यावी हे घरच्या अभिमानावर न ठरविता मुलास कोणती लिहिता येते यावर ठरवावे. कानडी मात्र टाळू नये. या राज्यात राहून जो कानडी अर्ज दुसऱ्याकडून वाचून घेतो, त्याचा व्यापारही दुसऱ्याच्याच डोळ्यांनी चालतो.

विषयांविषयी थोडे. विज्ञानात जीवशास्त्र सोडले की वैद्यकाचे व पशुवैद्यकाचे दार मिटते, गणित सोडले की अभियांत्रिकीचे. ज्याचे मन ठरलेले नाही त्याने दोन्ही ठेवावे. आपल्या मुलांस आपण 'दुकान आहेच' म्हणून वाणिज्य शाखेस घालतो, आणि गणिताची भीती म्हणून इतिहासाची जोड घेतो. पुढे तेच मूल सी.ए. होऊ म्हणते, आणि त्या पहिल्याच परीक्षेच्या चार पेपरांत एक पेपर गणित व संख्याशास्त्राचा असतो! संख्याशास्त्राची जोड पी.यू.सी.तच घेता येते. सेडम तालुक्यातील मळखेड ही राष्ट्रकूटांची राजधानी; तेथील अमोघवर्ष राजाच्या काळी, सुमारे इ.स. ८५० मध्ये, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला व त्यात व्याजाची उदाहरणे घातली. असा वारसा असलेल्या मुलुखात वाण्याच्या पोराने गणितास भ्यावे, हे आम्हांस काही पटत नाही.

आमची नात यंदा सातवी झाली. यावेळी आम्ही उतावीळ झालो नाही. मे महिन्यात तिला आठ दिवस अडतीवर बसविले, एक दिवस डाळ मिलवर नेले, एक दिवस आळंद तालुक्यातील कडगंची येथील केंद्रीय विद्यापीठ दाखविले. आणि बीदरच्या विद्यापीठात तिचे काका स्वतः तिला घेऊन गेले. परत आल्यावर विचारले, 'बाळ, काय ठरले?' ती म्हणाली, 'आजोबा, अजून काहीच नाही.' आम्ही काही बोलणार इतक्यात तिचे काका म्हणाले, 'नसू दे. तोवर एकही वाट बंद होऊ द्यायची नाही.' त्यांनी कोरी वही घेतली. एका पानावर कर्नाटकाच्या अटी, दुसऱ्यावर महाराष्ट्राच्या, आणि शेवटी कोणता दाखला कोणत्या महिन्यात काढावयाचा याची यादी लिहिली. जूनमध्ये नातीचे नाव गावातल्याच शाळेत आठवीस घातले, दुसरी भाषा कानडी. वही दुकानातच, खातेवह्यांच्या शेजारी ठेवली आहे. ज्या बंधूंस पाहावयाची असेल त्यांनी अवश्य यावे.