डेक नसलेल्या जहाजाचा कप्तान

भुशी धरणावरून टायगर पॉइंटकडे चढणाऱ्या रस्त्यावर ‘आयएनएस शिवाजी’चा परिसर लागतो. वर्षासहलीला येणाऱ्यांना हे नाव बहुधा वळणाची खूण म्हणूनच ठाऊक असते. नौदलाचे इंजिनीअर आणि तंत्रज्ञ घडवणारी ही संस्था १५ फेब्रुवारी १९४५ रोजी सुरू झाली. जहाजाची इंजिने, टर्बाइन, आग लागली किंवा तळाला भोक पडले तर जहाज तरते ठेवण्याची विद्या, हे सारे समुद्रापासून दूर सह्याद्रीच्या माथ्यावर शिकवले जाते.

मी स्वतः इंजिनीअर नव्हे. लोहगड-विसापूरच्या इतिहासापासून माझे वाचन सुरू झाले आणि त्याच वाटेने मी या संस्थेपर्यंत आलो. तेव्हापासून एका प्रश्नाने मनात घर केले आहे. इथे शिकलेला अधिकारी व्हाइस ॲडमिरलपर्यंत चढू शकतो, पण युद्धनौकेचा कप्तान होत नाही. ते पद कार्यकारी शाखेचे. यंत्र ज्याला कळते, त्याच्या हाती हुकूम का नसावा?

ही वाटणी जुनी आहे. शिवकाळात गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत कारभार पाहत. दाणागोटा आणि सामानसुमानाचा हिशेब कारखानिसाकडे असे. तिच्यामागे शहाणपणही आहे. वारा, लाटा, शत्रूची चाल आणि माणसांचा धीर एकाच वेळी पाहणारा माणूस डेकवर हवा. तळघरातल्या इंजिनाशी झुंजणाऱ्याला ते जमायचे नाही. पण युद्धाचे साधन पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर वर गेले, तर ही वाटणी टिकते का? मला वाटते, टिकत नाही.

कारण साधे आहे. उपग्रहाला डेक नसतो. त्यावर माणूसच नसतो. सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह साधारण ९० मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारतो. तो कोणत्या गावावरून किती वाजता जाणार, हे कक्षा ठरवते, सेनापती नव्हे. कक्षेची पातळी ६० अंशांनी वळवायची म्हटली, तर उपग्रहाच्या मूळ वेगाइतकाच, म्हणजे सेकंदाला जवळजवळ पावणेआठ किलोमीटरचा, बदल घडवावा लागतो. तेवढे इंधन कोणी सोबत नेत नाही. थोडक्यात, लढाईच्या दिवशी कोणता हुकूम देता येईल, हे बऱ्याच वर्षांपूर्वी आराखड्याच्या कागदावर ठरून गेलेले असते. तो कागद ज्याला वाचता येत नाही, त्याचा हुकूम हवेतच राहतो.

हे पहिल्यांदा ओळखून तशी संघटना उभारणाऱ्यांत अमेरिकी हवाई दलाचा जनरल बर्नार्ड श्रीव्हर अग्रणी होता. १९१० मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन शहरी जन्मलेला हा मुलगा १९१७ मध्ये आईबरोबर अमेरिकेला गेला. टेक्सासमध्ये अभियांत्रिकीची पदवी, मग वैमानिक, मग १९४२ मध्ये स्टॅनफर्डमधून वैमानिकी अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी आणि लगेच पॅसिफिकच्या रणांगणावर बॉम्बफेकी विमाने. विमान उडवणे आणि विमानाचे गणित, दोन्ही एकाच माणसात आले, ते असे.

१९५४ मध्ये आंतरखंडीय क्षेपणास्त्र उभे करण्याचे काम त्याच्याकडे आले. कॅलिफोर्नियातल्या इंगलवुडमध्ये एका रिकाम्या शाळेच्या इमारतीत कचेरी थाटली गेली. गुप्तता राहावी म्हणून अधिकारी साध्या कपड्यांत येत. एक भाग पूर्ण झाला की दुसरा, ही रीत त्याने सोडली. इंजिन, मार्गदर्शन यंत्रणा, प्रक्षेपणतळ आणि ते चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण, सगळे एकदमच सुरू केले. असा जुगार खेळायला कोणत्या भागातली चूक पुढे निस्तरता येईल आणि कोणती सगळेच बुडवील, याची जाण लागते. ती इंजिनीअरची जाण आहे. मंजुरीच्या पायऱ्याही त्याने वरिष्ठांकडून कमी करून घेतल्या. त्यामुळे जाण आणि अधिकार एकाच खुर्चीत आले.

त्याची किंमतही मोजावी लागली. जानेवारी १९५७ मध्ये ‘थॉर’चे पहिले उड्डाण फसले, जूनमध्ये ‘ॲटलास’चे. त्याच वर्षी फेब्रुवारीत सॅन डिएगोच्या भाषणात त्याने अवकाशातल्या वर्चस्वाचा मुद्दा मांडला, तेव्हा ‘अवकाश’ हा शब्द पुन्हा भाषणात नको, अशी तंबी वरून आली. ४ ऑक्टोबरला स्पुतनिक उडाला आणि ती तंबी निरर्थक ठरली. पुढे ‘ॲटलास’वरूनच फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेन कक्षेत गेला. अण्वस्त्रासाठी घडवलेल्या यंत्राने माणसाला अवकाश दाखवले, हा इतिहासाचा विचित्र न्याय. श्रीव्हर १९६६ मध्ये निवृत्त झाला. कोलोरॅडोतल्या एका तळाला १९९८ मध्ये त्याचे नाव दिले गेले, तेव्हा तो हयात होता.

आता आपल्याकडे पाहू. नौदलासाठी बनवलेला ‘जीसॅट-७’ ३० ऑगस्ट २०१३ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून उडाला, हवाई दलासाठीचा ‘जीसॅट-७ए’ १९ डिसेंबर २०१८ रोजी श्रीहरिकोट्याहून. लोणावळ्यात शिकलेल्या इंजिनीअरची जहाजे आज अशा उपग्रहांच्या आधाराने एकमेकांशी बोलतात. २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त आपण आपलाच ‘मायक्रोसॅट-आर’ पाडला. त्याच वर्षी संरक्षण अवकाश संस्था उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख एअर व्हाइस मार्शल एस. पी. धारकर हे लढाऊ वैमानिक होते. नव्या संस्थेला रणांगणाची जाण असलेला प्रमुख मिळाला, यात गैर काही नाही. श्रीव्हरही वैमानिकच होता.

पण ‘मिशन शक्ती’तला खरा निर्णय कोणता होता? लक्ष्य सुमारे ३०० किलोमीटरवर, खालच्या कक्षेत ठेवण्याचा. तिथे विरळ का होईना, हवा असते; तिच्या घर्षणाने तुकडे खाली येऊन जळतात. चीनने जानेवारी २००७ मध्ये साडेआठशे किलोमीटरच्याही वर उपग्रह फोडला. त्याचे नोंदवलेले तुकडे तीन हजारांहून अधिक, आणि त्यांतले कित्येक आजही फिरत आहेत. आपल्या चाचणीतलेही काही तुकडे उसळून वर गेले आणि अंदाजापेक्षा जास्त काळ टिकले. उंचीचा हा आकडा म्हटले तर गणित, म्हटले तर युद्धनीती, म्हटले तर परराष्ट्र धोरण. तो ठरवताना इंजिनीअर फक्त सल्लागार असेल आणि सही दुसऱ्याची असेल, तर सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत, हे कळलेच पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की अवकाशाच्या सेनापतिपदाची वाट इंजिनीअरांसाठी आजपासून मोकळी असावी, आणि वैमानिकांना, नौसैनिकांना त्या पदाआधी कक्षेचे गणित सक्तीने शिकवले जावे. मावळातली, घाटावरची कितीतरी मुले आज विमानविद्या आणि यंत्रविद्या शिकत आहेत. गणवेश चढवताना त्यांनी हुकूम देण्याचे स्वप्न तळघराच्या दाराशी ठेवून जावे, अशी अट नव्या रणभूमीला परवडणारी नाही.